नेट स्लो आहे की स्लो केलंय?

रात्री नवाच्या सुमाराला नेट अडखळायला लागलं की बेळगावात शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंत निकाल एकच लागतो: कंपनी मुद्दाम स्लो करते. हल्ली त्याला 'नेट न्यूट्रॅलिटीचा भंग' असंही म्हणतात. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे कंपनीने नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखं वागवायचं. भंग कधीच होत नाही असं नाही. पण बहुतेक तक्रारी शेवटी वायरच्या, वायफायच्या किंवा गर्दीच्या निघतात, आणि खरा भेदभाव असेल तर तो याच गोंगाटात लपून जातो. आपल्याकडचा नियम चांगला आहे. तो वापरायला हातात मोजणी लागते, आणि ती कुणाकडेच नसते. म्हणून आधी नियम थोडक्यात, मग मोजायचं कसं ते सविस्तर.

नियम दोन आहेत, आणि चर्चेत ते नेहमी एकात मिसळतात.

पहिला दराचा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तो ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काढला. कुठलं अ‍ॅप किंवा कुठली साइट बघताय यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. फुकटही द्यायचं नाही, महागही लावायचं नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. मोठ्या कंपनीला ५० लाख म्हणजे काहीच नाही, पण या नियमाने फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' (ठरावीक साइट फुकट दाखवणारी योजना) बंद पाडलं हे खरं. त्याआधीचं वर्ष आठवत असेल: डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळा पॅक जाहीर केला आणि बोंब झाल्यावर थांबवला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने चर्चेचा मसुदा काढला आणि त्यावर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो'मधून, म्हणजे साइटवाल्याने पैसे भरून गिऱ्हाईकाला फुकट डेटा द्यायच्या योजनेतून, फ्लिपकार्ट बाहेर पडलं.

दुसरा नियम वेगाचा आणि वागणुकीचा. ट्रायच्या शिफारशी २८ नोव्हेंबर २०१७ च्या. दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या आणि २६ सप्टेंबर २०१८ ला थेट कंपन्यांच्या परवान्यातच कलम घातलं. मजकूर अडवायचा नाही, त्याचा दर्जा घालवायचा नाही, तो स्लो करायचा नाही आणि कुणाला खास वेगही द्यायचा नाही. अमेरिकेत हाच नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि २ जानेवारी २०२५ ला तिथल्या अपील कोर्टाने पुन्हा उडवला. तिथला वाद होता नियामकाला असा नियम करायचा अधिकार आहे का, हा. आपल्याकडे गोष्ट परवान्याच्या अटीत असल्यामुळे तो वाद उद्भवत नाही. मात्र २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्याच्या जागी 'ऑथोरायझेशन' आणलं. हे कलम नव्या अटींत शब्द न बदलता उतरतंय का, यावर ज्यांना या विषयाची आच आहे त्यांनी नजर ठेवावी. अशी कलमं कुणी रद्द करत नाही, ती नवीन मसुद्यात यायची राहून जातात.

या दुसऱ्या नियमाला सवलती आहेत, आणि खरा वाद तिथेच आहे. गर्दी झाली तर कंपनी वाहतूक आवरू शकते, पण तेवढ्यापुरती, प्रमाणात आणि सांगून. 'स्पेशलाइज्ड सर्व्हिस', म्हणजे ठरावीक कामासाठीची खास सेवा, वेगळी चालवता येते, पण साध्या इंटरनेटचा दर्जा खाऊन नाही. आणि सीडीएन, म्हणजे मोठ्या साइट्सच्या मजकुराच्या प्रती गिऱ्हाईकाजवळच्या सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था, नियमाच्या बाहेरच आहे. या शेवटच्या सवलतीकडे खाली परत येऊ.

भंग नसलेल्या गोष्टीही सांगून टाकतो, म्हणजे फुकटची भांडणं वाचतील. रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आला, तर तो सगळ्याच अ‍ॅपना येतो, भेदभाव नाही. एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं लागतात, राग येतो, पण नियम मोडलेला नसतो. रिचार्जबरोबर एखाद्या ओटीटीची वर्गणी दिली तरी चालतं, त्या ओटीटीचा डेटा तुमच्या कोट्यातूनच कापला जातोय तोवर. कापला जात नसेल तर तो पहिल्या नियमाचा प्रश्न. आयटी कायद्याच्या ६९ए कलमाखाली किंवा कोर्टाच्या हुकमाने साइट बंद असेल तर कंपनीला ती बंद ठेवावीच लागते. आणि तणावाच्या वेळी सरकार नेटच बंद करतं, तो वेगळ्या नियमांचा विषय. तो हुकूम राज्याच्या गृह सचिवांकडून येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या निकालानंतर तो प्रसिद्ध करावा लागतो.

मोजणी

सुरुवात वायफाय बंद करून. राउटरच्या डब्यातून लॅपटॉपला केबल जोडा, तीही कॅट-५ई किंवा त्यावरची. केबलमधली एक जोडी तुटली असली तरी नेट चालतं, पण जोड १०० एमबीपीएसवर अडकतो, आणि २०० चा प्लॅन घेतलेला माणूस कंपनीला शिव्या घालत बसतो. केबल शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्‌झच्या नावावर जोडा आणि डब्याच्याच खोलीत बसा. २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजारच्या दहा घरांचे डबे एकमेकांवर ओरडत असतात. चव्हाट गल्लीसारख्या दाट वस्तीत त्यावर ३०-४० एमबीपीएस मिळाले तरी बरं म्हणायचं.

मग फायबरची ताकद. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून डब्यात लॉगइन करा (पत्ता आणि पासवर्ड बहुतेक डब्याखालच्या स्टिकरवर असतो) आणि 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन'च्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निवांत. उणे २७ च्या पलीकडे गेलं की चुका वाढतात आणि लाल लाईट लुकलुकायला लागतो. उलट उणे ८ पेक्षा जास्त ताकद आली तरी डबा गोंधळतो, ओएलटीजवळच्या (फायबर जिथून सुटतो त्या कंपनीच्या यंत्राजवळच्या) घरांत हे होतं.

आपल्या भागात ही ताकद का पडते? फायबर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, खांबावरून लोंबत येतो. जॉइंट बॉक्स नीट बंद केलेला नसतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी जातं. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस म्हणजे चार महिने. दुसरं कारण जास्त लबाड आहे. गल्लीत नवीन घर जोडायचं असेल तर लोकल ऑपरेटरचा पोरगा नवीन फायबर ओढण्याऐवजी तुमच्याच लाइनवर एकास दोनचा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश दोघांत वाटणारा तुकडा) घालतो. एका स्प्लिटरला साधारण साडेतीन डीबी जातात. काल उणे २३.५ होतं, आज उणे २७. नेट दिवसातून चार वेळा तुटतं आणि कुणालाच कारण कळत नाही. म्हणून जोडणी चांगली चालू असतानाच हा आकडा लिहून ठेवा, तारखेसकट. बिघडल्यावर बघून उपयोग नाही, तुलनेला काही उरत नाही.

हे ठीक असेल तर गर्दी. जीपॉनच्या (घरोघरच्या फायबरची नेहमीची पद्धत) एका पोर्टला खाली येणारे जवळजवळ अडीच जीबीपीएस असतात. त्यावर ६४ घरं टांगली आणि सगळी एकदम बसली तर घराला ३९ एमबीपीएस. जुन्या ईपॉनच्या जाळ्यात तर एकच जीबीपीएस असतो. पण खरी तूट बहुधा त्याच्या मागे असते: लोकल कंपनीने पुढून, बेंगळूर किंवा पुण्याकडून, घाऊक बँडविड्थ किती घेतली आहे तिथे. गर्दीची खूण सोपी. ती घड्याळ बघून येते, रात्री आठ ते अकरा, आणि पहाटे पाचला तोच प्लॅन सुसाट पळतो.

आता स्पीडटेस्ट. सगळे हीच करतात आणि सगळे इथेच फसतात. स्पीडटेस्टचं अ‍ॅप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं, आणि जवळचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीचा असतो. चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही: कारखान्याच्या काट्यावर भरवसा नसेल तर ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालायची. तसा सर्व्हर हाताने बदला आणि दुसऱ्या कंपनीचा, मुंबईतला घ्या. मग फास्ट डॉट कॉम चालवा. ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते, त्यामुळे व्हिडिओची वाट वेगळी कापलेली असेल तर इथे दिसते. कंपनीच्या सर्व्हरवर ९५ आणि फास्टवर ८, आणि हे पहाटेही तसंच, तर पुढे जायला कारण आहे.

पुढे म्हणजे व्हीपीएन (आपली वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) नव्हे. 'व्हीपीएन लावलं की पळतंय, म्हणजे चोरी पकडली' असं यूट्यूबवर खूप जण सांगतात, ते अर्धवट आहे. व्हीपीएनने मजकूर झाकला जातो हे खरं, पण वाटही बदलते. कदाचित मूळ वाटेवर दोन कंपन्यांमधला जोडच भरलेला असेल आणि व्हीपीएन दुसऱ्या वाटेने गेलं असेल. संशयाला पुरे, पुराव्याला नाही.

पुराव्याला जवळ जाणारं साधन म्हणजे 'वेहे' हे अ‍ॅप. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ते तयार झालं, आणि फ्रान्सचा दूरसंचार नियामक ते आपल्या नागरिकांसाठी वापरतो. युक्ती साधी आहे. एखाद्या व्हिडिओ अ‍ॅपची नोंदवून ठेवलेली वाहतूक ते एका सर्व्हरवरून दोनदा पाठवतं: एकदा जशीच्या तशी, एकदा आतले बाइट बदलून, म्हणजे कंपनीच्या यंत्राला ती कुठल्या अ‍ॅपची हे ओळखता येऊ नये. सर्व्हर तोच, वाट तीच, वेळ जवळजवळ तीच. तरीही पहिली सतत २ एमबीपीएसवर आणि दुसरी ३० वर गेली, तर फरक करणारी गोष्ट एकच उरते. एका निकालावर उड्या मारू नका. सकाळी, दुपारी, रात्री, निदान तीन-चार दिवस चालवा, आणि प्रत्येक निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा. याचीही मर्यादा आहे: कंपनी मजकूर न बघता फक्त आयपी पत्त्यावरून स्लो करत असेल तर वेहेला दिसणार नाही, कारण त्याची वाहतूक त्या अ‍ॅपच्या पत्त्यावरून येतच नाही. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप ठेवाच, पण ते वेग मोजतं, भेदभाव मोजत नाही.

साइट स्लो नसून उघडतच नसेल तर रस्ता वेगळा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप लिहून पुढे साइटचं नाव टाका. मग तेच, शेवटी १.१.१.१ लावून, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या कंपनीबाहेरच्या यंत्रणेला (डीएनएसला) विचारून. दोन्हीकडचे पत्ते वेगळे आले तर ते अजून काहीच सिद्ध करत नाहीत, कारण मोठ्या साइट जागेप्रमाणे वेगळा पत्ता देतातच. पण पहिला पत्ता कंपनीच्या सूचनेच्या पानावर नेत असेल तर अडवणूक डीएनएसमध्ये आहे. दोन्ही पत्ते बरोबर आणि जोडणी सुरू होतानाच तुटते, तर बहुधा कंपनीचं यंत्र साइटचं नाव वाचून तोडतंय, त्याला एसएनआय अडवणूक म्हणतात. 'ऊनी प्रोब' हे अ‍ॅप या दोन्ही चाचण्या आपणहून करतं. ६९ए खालचे हुकूम गोपनीय असतात, त्यामुळे साइट सरकारने बंद केली की कंपनीने, हे बाहेरून कळत नाही. इथे एक उपाय आहे: वेगवेगळ्या तीन कंपन्यांवर तपासा. सरकारी हुकूम साधारणपणे सगळ्यांना असतो. एकाच कंपनीवर बंद आणि बाकीच्यांवर चालू असेल तर त्या कंपनीला लेखी कारण विचारता येतं. हुकूम काढण्यातही चुका होतात. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइट बंद झाल्या, त्यात गिटहब आणि इंटरनेट आर्काइव्हही होते.

सीमेवरच्या मोबाईलवाल्यांसाठी एक खास अडचण. दूरसंचारच्या हिशोबात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, तर पलीकडचं चंदगड, कागल आणि गोवासुद्धा महाराष्ट्र सर्कलमध्ये. उचगाव-बाचीच्या माळावर किंवा कणकुंबीच्या पुढे फोन न विचारता पलीकडचा टॉवर धरतो आणि वर रोमिंगची खूण येते. मग टॉवरवरची गर्दी वेगळी, आणि डेटा कुठल्या गेटवेतून बाहेर पडतो तेही बदलू शकतं. सकाळची चाचणी इकडच्या टॉवरवर आणि रात्रीची तिकडच्या, तर तुलनेला अर्थ राहत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून एकच पकडा, आणि स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी कापू नका. नियम मात्र दोन्हीकडे एकच. सीमाप्रश्नाचा निकाल काहीही लागो, परवाना दिल्लीचाच आहे.

यूट्यूब पळतं, आपली बातमी अडकते

बेळगाव, निपाणी, खानापुरात मराठी बातम्यांची छोटी पोर्टलं आणि चॅनेलं बरीच आहेत. त्यांच्याकडून ऐकू येणारी तक्रार ही, की आमची साइट उघडायला जीव जातो आणि यूट्यूब त्याच फोनवर झटकन चालतं, मग हा भेदभाव नाही तर काय?

नियमाच्या भाषेत नाही. यूट्यूबच्या प्रती गूगलच्या कॅश सर्व्हरवर, पुष्कळदा इंटरनेट कंपनीच्याच जाळ्यात ठेवलेल्या असतात, म्हणून व्हिडिओला लांबून यावंच लागत नाही. सीडीएन नियमाबाहेर ठेवली ती यासाठीच. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, नाहीतर गर्दी आणखी वाढली असती. पण माझ्या मते या सवलतीने नियमाचा मोठा भाग पोकळ केला. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वेग विकत घ्यायला कंपनीकडे जावंच लागत नाही, तो आपला सर्व्हर तुमच्या दारात आणून ठेवतो.

पोर्टलवाल्यांनी नियम बदलायची वाट बघू नये. आधी ट्रेसरूट (डेटा कुठल्या वाटेने जातो ते दाखवणारी आज्ञा) करून आपला सर्व्हर खरंच कुठे आहे ते बघा. स्वस्त होस्टिंग घेतलं की तो बऱ्याचदा अमेरिकेत निघतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून बेंगळूरमार्गे मुंबईला जाऊन परत यायला वाटेचे १५ मिलिसेकंद, यंत्रांचा वेळ धरून ३०-४०. मुंबईतल्या सर्व्हरला पिंग (जाऊन परत यायचा वेळ) ८० च्या वर जात असेल तर डेटा सिंगापूर-बिंगापूर फिरून येतोय का, हे कंपनीला विचारण्यासारखं आहे. होस्टिंग मुंबईत घ्या, पुढे एखादी फुकट सीडीएन लावा. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात, रुंदी फार तर १,२०० पिक्सेल. ५ एमबीचं पान १ एमबीपीएसवर ४० सेकंद घेतं, ६०० केबीचं पाच सेकंदांत येतं. भीमगडच्या बाजूच्या गावात वाचक ४० सेकंद थांबत नाही. आणि जाहिरातींच्या स्क्रिप्ट मोजा, बातमीपेक्षा त्याच जड असतात.

सध्याचा वाद याच्याच पोटातून आला आहे. कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते, सगळ्यात जास्त वाहतूक चार-पाच मोठ्या साइट करतात, तर त्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला बरं वाटतं, मोठ्यांकडूनच तर मागतायत. पण डेटाचे पैसे गिऱ्हाईकाने आधीच भरलेले असतात. व्हिडिओ यूट्यूब आपणहून पाठवत नाही, आपण मागवतो. दक्षिण कोरियाने पाठवणाऱ्याने पैसे द्यायची पद्धत आणली. तिथलं जाळं इतर बहुतेक देशांच्या दहापट महाग पडतं असं सांगून ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातला धंदाच गुंडाळला. आणि एकदा वाटा घ्यायचा दरवाजा उघडला की 'मोठा' कोण हे ठरवणारी रेघ खाली सरकायला वेळ लागत नाही. 'प्रायॉरिटी' प्लॅनचंही तेच: जुलै २०२० मध्ये ट्रायने दोन कंपन्यांचे जास्त पैशांत जास्त वेगाचे प्लॅन थांबवायला सांगितले. ५जीच्या स्लाइसिंगमध्ये, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या दर्जाचे भाग पाडण्यात, तोच प्रश्न नव्या कपड्यात परत येतो आहे.

तक्रार

ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, तिकडे पाठवलेला ईमेल कंपनीकडेच जातो. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र, आणि तिथून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. 'सर, बघतो' हा डॉकेट नंबर नव्हे. लोकल ऑपरेटरच्या पोराशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणंही तक्रार धरली जात नाही. बिलावर किंवा करारावर परवानाधारक कंपनीचं नाव असतं, तक्रार तिच्याकडे. ऑपरेटर बिलच देत नसेल तर आधी बिल मागा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील, त्याला फी नाही. त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून. परवान्याची अट मोडली असेल तर कारवाईचा अधिकार त्याच विभागाचा.

'नेट स्लो आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर ठरलेलं: लाइन तपासली, ठीक आहे. त्याऐवजी प्लॅनचं नाव, तारखा आणि वेळा, केबलने जोडून तपासलं हे, आरएक्स पॉवर, दोन वेगळ्या सर्व्हरचे वेग आणि वेहेचे निकाल द्या, आणि विचारा: या अ‍ॅपच्या वाहतुकीवर कुठली ट्रॅफिक मॅनेजमेंट लावली आहे, कधीपासून आणि का? सवलत 'सांगून' वापरायची असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर टाळणं अवघड जातं. १६ फेब्रुवारी २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टेलिकॉम कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. तिथे नेताना स्क्रीनशॉट फोनमधले न दाखवता छापून, तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका.